अधिवास

फॉर्मच्या दुसऱ्याच ओळीत रकाना आहे : अधिवासाचा प्रकार.
मी लिहिते, शुष्क पानझडी वन. साग प्रमुख.
उन्हानं शाई पातळ झालीय,
'वन'मधला न कागदावर पसरतो.

बोधडीच्या अलीकडं डांबरी सोडली
की आधी मोबाईल गप्प होतो, मग आपण.
एप्रिल. सागावर पान नाही,
खाली मात्र नुसतं पानच.
पाऊल टाकलं की पापडाची चळत मोडावी तसा आवाज,
आणि तिकडं उताराला चरणारी रोही
मान वर करून आपल्याला मोजून घेते.

लच्चमाबाई आत्राम दोरीचं दुसरं टोक धरतात.
पंधरा दिवसांची रोजंदारी, मस्टरवर अंगठा.
वीस बाय वीसचा चौकोन आखायचा,
आत येईल तेवढं जंगल लिहायचं.
घेर छातीच्या उंचीवर घ्यावा, असा नियम.
"कुणाच्या छातीच्या?"
नियमात एक मीटर सदतीस आहे.
त्या टेप स्वतःला लावून बघतात. कपाळाला येतो.
"सरकार लई उंच हाय, बाई."

साग, अठ्ठ्याण्णव. साग, बासष्ट. धावडा, चाळीस.
सालई, साल कागदासारखी सुटलेली,
हात लावला की पापुद्रा बोटाशी येतो.
तेंदू, तेंदू, एक वठलेला तेंदू
ज्यात सुतारानं तीन दारं पाडलीत,
आणि फॉर्मात त्याला 'मृत' एवढाच शब्द.
मोहापाशी त्या टेप लगेच लावू देत नाहीत.
चपला काढतात. बुडाची फुलं पदरात वेचून घेतात.
मग म्हणतात, "हां. मोज आता."

मी औशाकडची.
आमच्यात झाड म्हणजे बांधावरची बाभूळ,
तीही भावकीत वाटलेली :
फांद्या थोरल्याच्या, सावली धाकट्याची, काटे सगळ्यांचे.
जंगल मी भूगोलाच्या नकाशात पाहिलेलं, हिरव्या खडूचं.
ते अर्धं वर्ष मातीच्या रंगाचं असतं
आणि तेव्हाही मेलेलं नसतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी धावड्याखाली भाकरी सोडली. सावली नावापुरती.
लच्चमाबाईंनी कमरेची पिशवी उलगडली,
पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकात तहसीलचा कागद.
नातवाला, आयतूला, पुढं शिकायचंय.
कागदावर लाल शाईनं : अधिवास प्रमाणपत्र जोडावे.
जन्मनोंद नाही. वीजबिल नाही, कारण वीज नाही.
"अधिवास म्हंजे काय गं?"
सकाळपासून सात फॉर्मांवर लिहिलेला शब्द.
मी म्हटलं, राहण्याची जागा.
"मंग तू सकाळधरनं कुणाची लिहायलीस?"

भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना.

उठल्या. ओढ्याच्या काठाकाठानं मला नेलं.
एक जुना साग, दोघींच्या कवेत न मावणारा.
त्याच्या अंगात पत्र्याचा तुकडा,
झाडानं तिन्ही बाजूंनी गिळत आणलेला.
खिळ्याचं डोकं दिसत नाही.
आकड्यातले शेवटचे दोनच उरलेत : ७१.
"माज्या बापानं ठोकला. मी खिळे धरले व्हते, एवढाली व्हते."
हात गुडघ्याजवळ.
पत्र्यावर सालाचा ठिपका असावा, तोही आत गेलाय.
तिथून पुढचं सागालाच माहीत.

हा साग आजच्या चौकोनात येत नाही.
मी दोरी सोडली, पुन्हा बांधली, त्याला आत घेतलं.
घेर, दोनशे चौदा. उंची, अंदाजे.
शेवटचा रकाना 'शेरा', तो कुणी भरत नाही.
तिथं लिहिलं :
जुना क्रमांक-पत्रा. ठोकणारे, सोनू टेकाम.
सोबत मुलगी लच्चमा. दोघेही याच वनातले रहिवासी.

वरचे साहेब हे खोडतील. तहसीलात तर चालणारच नाही.
"वाच की मोठ्यानं."
वाचलं.
मागं पानात काहीतरी सरपटून थांबलं, बहुतेक घोरपड.
त्या बराच वेळ त्या पत्र्याकडं बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"सोनू न्हाई. सोनेराव.
नीट लिही."